तहान न लागणाऱ्या बाया

पार्वताबाईचं अर्धं आयुष्य चालण्यात गेलं आणि ती कुठेच पोचली नाही, असं तिचा नवरा मंगरू थट्टेनं म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. अड्याळच्या बाहेर, पवनीच्या रस्त्याला भोजराजची उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल आहे. तिथे धान आधी हौदात भिजवतात, मग वाफेवर उकडतात आणि मग मागच्या मोठ्या सिमेंटच्या फरसावर उन्हात पसरतात. मोठ्या मिलवाल्यांनी धान वाळवायची यंत्रं आणली. भोजराजच्या मिलमध्ये यंत्र म्हणजे बायांचे पाय. रांगेत उभं राहायचं आणि पाय न उचलता, घासत घासत, धानातून चालत जायचं. पावलांमागे सऱ्या पडतात, खालचं ओलं धान वर येतं. फरसाचं टोक आलं की वळायचं आणि परत. चपला घालायच्या नाहीत. तसं कुणी सांगितलेलं नाही, पण धानावर चपलेनं कोण उभं राहील? लक्ष्मी आहे ती. मे महिन्यात उन्हाळी धान येतं आणि फरस तव्यासारखा तापतो, तेव्हाही लक्ष्मी ती लक्ष्मीच.

रांगेच्या पुढे पार्वताबाई. ती ज्या चालीनं चालेल, त्या चालीनं सगळ्या.

लग्न होऊन आली त्याच वर्षी ती इथे लागली होती. तेव्हा भोजराजचे वडील, सगळे त्यांना दाजी म्हणत, मिल बघायचे. भोजराज तेव्हा एका हातानं चड्डी सावरत धानाच्या ढिगावरून घसरायचा आणि पायाला धानाचं कुसळ टोचलं की पार्वताबाईकडे रडत यायचा. आता तो मालक झाला, पोट सुटलं, दोन फोन बाळगतो, सगळे त्याला भाऊ म्हणतात. तरी पार्वताबाईला तो 'काकू' म्हणतो आणि अहोजाहो करतो. बाकीच्यांना 'ए बाई'. हा मान ती पदराच्या गाठीत बांधल्यासारखा जपून होती.

नवी बाई आली की पार्वताबाई तिला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवायची. पाय कसा घासायचा, ही एक. टाच टेकवायची नाही, नाहीतर संध्याकाळी फोड येतो. आणि दुसरी, पाणी कसं प्यायचं नाही.

"सकाळी घरून निंगताना दोन घोट. मंग सुपारीचा तुकडा गालात धरून ठेवजो. तोंड सुकलं का चूळ भरून थुकून टाकाचं. गिळाचं नाही. गिळलं का फसली."

"अन् तहान लागली तं?"

"लागत नाही. सवय झाली का लागत नाही."

असं पहिल्यापासून नव्हतं. आधी मिलच्या मागे तलावाची पाळ होती आणि पाळीवर बेशरमाच्या झुडपांचं दाट रान. बाया दोघीदोघींनी जायच्या, एक बसायची, दुसरी पाठ करून उभी राहायची, गप्पा चालूच. मागच्या दिवाळीनंतर कोंड्याची पोती चोरीला गेली आणि भोजराजनं चारी बाजूंनी भिंत घातली. भिंतीवर काचा रोवल्या, फाटक बसवलं, फाटकाशी चौकीदार म्हणून नत्थूला बसवलं. भिंत घालताना त्यानं पुष्कळ विचार केला होता. ट्रक कुठे वळेल, पावसाचं पाणी कुठून निघेल, कॅमेरा कुठल्या खांबावर लागेल. फरसावरच्या बाया कुठे जातील, हे मात्र त्याच्या मनातच आलं नाही.

आता बाहेर जायचं तर फाटकातून.

"कुठी चालली?" नत्थू विचारायचा.

"येतो."

"येतो म्हंजे कुठून येतो? भाऊनं विचारून ठेवाले सांगतलं हाये."

आता या माणसाला काय सांगायचं? आणि फाटकाबाहेर तरी काय होतं? रस्ता, समोर चहाची टपरी, पंक्चरवाला, आणि टपरीच्या बाकावर कायम बसलेली चार रिकामी माणसं. पलीकडे कापून मोकळ्या झालेल्या बांध्या. धान कापल्यावर बांधीत चिमणीसुद्धा लपत नाही. मिलमध्ये एक संडास होता, ऑफिसला लागून, पांढऱ्या टाइल्सचा. त्याला कुलूप. किल्ली भोजराजच्या टेबलाच्या खणात. नागपूरची माल घेणारी पार्टी आली की तो उघडायचा, पार्टी गेली की बंद.

म्हणून बायांनी पाणी सोडलं. बैठक नाही, ठराव नाही. एकीनं सोडलं, दुसरीनं पाहिलं.

*

त्या उन्हाळ्यात दाजींच्या श्राद्धाच्या दिवशी भोजराजनं थंड पाण्याची मशीन आणली. चकचकीत स्टीलची, दोन नळांची, वर दाजींच्या नावाची पाटी. हार घातला, नारळ फोडला, बायांना फरसावरून बोलावून घेतलं.

"ऊन किती होऊन राहिलं," भोजराज म्हणाला. तो हे मनापासून म्हणत होता. "बाबा नेहमी म्हनत, आपल्या मिलमधली बाई आपल्या घरची बाई. पहिला गिलास काकू पितील."

पार्वताबाईनं ग्लास घेतला. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. बर्फासारखं पाणी घशातून उतरलं तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले.

"आनखी घ्या, काकू."

"नाही भाऊ, झालं."

"असं कसं झालं? बाबाच्या नावाचं हाये. घ्या."

दाजींच्या नावाला नाही कसं म्हणायचं? तिनं दुसरा ग्लास घेतला. दुपार कलता कलता तिची चाल बिघडली. रांग एवढ्या जोरात निघाली की मागच्या बायांना धाप लागली.

"काकूले आज मोटर लागली का वो?" मंदाबाई मागून ओरडली. मंदाबाई सगळ्यात थट्टेखोर, अंगानं दांडगी.

"चूप राह्य."

"दोन गिलास पिले नं! मी पाहात होती."

"हासवू नोको, मंदे. हासवशील तं इथीच वैनगंगा वाहन."

रांग मोडली, बाया पोट धरून हसल्या. पार्वताबाई हसली नाही. सुटी होईपर्यंत तिनं ओठ चावून वेळ काढला. घरी जाताना वाटेतच एका पुलाखाली ती उतरली आणि तिथे बसल्या बसल्या तिला रडू आलं. तिच्या वयाची बाई, पुलाखाली.

दुसऱ्या दिवसापासून मशीन उभी आणि बाया फरसावर. ट्रकवाले प्यायचे, हमाल प्यायचे, नत्थू बाटल्या भरून घरी न्यायचा. बाया फिरकायच्या नाहीत. भोजराज ऑफिसच्या काचेतून बघायचा आणि त्याला वाईट वाटायचं.

*

रंजू नवीन होती. बौद्धवाड्यातली, बारावीपर्यंत शिकलेली, नवरा देवानंद, एका मिस्त्रीच्या हाताखाली जाणारा. पोरगी डिंपल अंगणवाडीत बसू लागली तशी रंजू मिलमध्ये यायला लागली. पाय घासायला पटकन शिकली. पाणी न प्यायला मात्र तिला जमेना.

"काकू, पिलं तं काय होते?" जेवणाच्या सुटीत भाकरी मोडता मोडता तिनं विचारलं.

"लागते, अन् काय होते."

"लागली तं जाचं."

"कुठी?"

"त्या संडासात."

मंदाबाईला ठसका लागला. "हाव, जाय! अन् येताना नागपूरच्या पार्टीले नमस्कार सांगजो."

"मी मस्करी नाही करून राहिली. किल्ली मागाची. नाही देत तं कायले नाही देत, विचाराचं."

"भाऊजवळ?" पार्वताबाई म्हणाली. "भाऊजवळ जाऊन हे बोलाचं?"

"मंग कोनाजवळ?"

शेवटी पार्वताबाईच उठली. भाऊ आपल्याला काकू म्हणतो. सांगायचं तर आपणच.

ऑफिसात पंखा फिरत होता. भोजराज फोनवर होता. त्यानं हातानं खुर्ची दाखवली. पार्वताबाई खुर्चीवर बसली नाही, दाराशी उकिडवी बसली. फोन ठेवून तो म्हणाला, "बोला, काकू."

"ते... भाऊ, बाया पानी नाही पीत."

"मी तेच म्हनतो! एवढ्या हौसेनं आनली मशीन. काहून नाही पीत?"

तिनं तोंड उघडलं. समोर भोजराज होता आणि त्याच्या मागे भिंतीवर दाजींचा फोटो. शब्द तर साधे होते. घरी पोरांना दिवसातून दहादा म्हणायची. पण तो शब्द इथे काढायचा म्हणजे बायांनी आपलं लुगडं वर केल्यासारखं. तिचे कान तापले.

"ते पानी गजब थंडं हाये, भाऊ. बायांचा घसा धरते."

"एवढंच नं!" भोजराज हसला. त्याला किती बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. "थांबा, आत्ताच कमी करतो." आणि तो स्वतः उठला, मशीनच्या मागे वाकला आणि बटण फिरवून आला. "झालं. आता पिता नं?"

"पितो," पार्वताबाई म्हणाली.

फरसावर बाया वाट पाहत होत्या. तिनं काय सांगितलं ते ऐकून मंदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि बाया हसायला लागल्या. रंजू मात्र हसली नाही.

"काकू, तुमी बायांसाठी गेल्त्या का मशीनसाठी?"

"पोट्टे, तोंड सांभाळ."

"मी सांगतो. उद्या जातो अन् सांगतो."

"तू नोको." पार्वताबाईनं तिचा हात धरला. "तू नवी. तू म्हनशील तं भाऊले वाटन का ह्या मोहल्ल्यातल्या आल्या का मोर्चाच घेऊन येतेत. मंग तुलेच पहिले काढन."

रंजूनं हात सोडवून घेतला नाही. नुसतं पाहिलं. "असं तुमाले वाटते का भाऊले वाटन?"

पार्वताबाई म्हणाली, "सोमवारी मी सांगतो. आईची शपथ. तोवर सुपारी ठेव गालात." आणि चंचीतली कातरलेली सुपारी काढून तिनं रंजूच्या हातावर ठेवली.

*

"सांगून टाकाचं नं," रात्री जेवताना मंगरू म्हणाला. तो तलावात जाळं टाकायचा, ढिवराचा पिढीजात धंदा. "काय एवढं?"

"तुमाले काय जाते बोलाले! तुमी पान्यात उभे राह्यले का काम झालं."

"म्हनून तं मासे तेवढे मोठे होतेत," मंगरू म्हणाला. पोरगा अतुल भात तोंडात घेऊन हसायला लागला. पार्वताबाईनं ताट सरकवलं.

"मी सांगू का भोजराजले?" मंगरूनं जरा नरमाईनं विचारलं.

"तुमी? माह्या नवऱ्यानं जाऊन सांगाचं का माही बायको कुठी बसन? अन् मंग मी त्याच्यासमोर कशी उभी राहू?"

मंगरूला हे पटलं. म्हणजे त्यालाही ते तेवढंच लाजेचं वाटलं.

सोमवारी पार्वताबाई ऑफिसात गेली तर आत पार्टी बसली होती. पांढऱ्या कपड्यांतली तीन माणसं, टेबलावर चहा. त्यांतला एक उठला, भोजराजनं खणातून किल्ली काढून त्याला दिली, तो दार उघडून आत गेला. पार्वताबाई दाराबाहेर उभी होती. आत पाणी सोडल्याचा आवाज आला. माणूस रुमालाला हात पुसत आला.

"काय काकू?" भोजराजनं विचारलं.

"काही नाही, भाऊ. मंग येतो."

फरसावर परत आली तेव्हा रंजूनं काही विचारलं नाही. ते पार्वताबाईला विचारण्यापेक्षा जास्त लागलं. उद्या सांगू, तिनं स्वतःशीच म्हटलं. मग उद्या मंगळवार होता, भाऊ पवनीला गेला. मग त्याच्या पोरीचा वाढदिवस होता. त्या दिवशी बायांना पेढे वाटले, आणि ज्याच्या हातचा पेढा खाल्ला त्याला त्याच दिवशी कसं सांगायचं?

*

मग तो दिवस आला. सकाळपासून वारा पडलेला आणि पश्चिमेकडे ढग. अवकाळी येणार असं फोनवर आलं होतं आणि फरसभर उकडलेलं धान पसरलेलं. भिजलं तर सगळं काळं पडणार.

"काकू, आज जेवनाची सुटी मागून," भोजराज फरसाच्या कडेला येऊन म्हणाला. तो स्वतः उन्हात उभा होता, डोक्यावर रुमाल. "धान उचललं का मंग आरामात जेवा. मी सगळ्याइले भजे मागवतो."

"हाव भाऊ."

रांग निघाली. धानाची वाफ खालून, ऊन वरून. बोलणं केव्हाच थांबलं होतं. फक्त पायांचा आवाज, घस्स, घस्स, घस्स. पुढे चालणाऱ्या बाईनं मागे वळून बघायचं नसतं. तिनं मान वळवली की सरी वाकडी होते आणि मागची प्रत्येक सरी तिच्यासारखी वाकडी होते. म्हणून पार्वताबाईला रांग दिसायची नाही, ऐकू यायची. कोण दमली, कोणाच्या पायाला फोड आला, कोण पाय उचलून चुकारपणा करते, सगळं तिला पाठीनं कळायचं.

फरसाच्या मध्यावर तिला रंजू बोलताना ऐकू आली.

"डिंपलले इथी कोनं आनलं? तिच्या पायाले चटका लागन नं."

कुणी तरी म्हणालं, "कुठी हाये डिंपल? काय बडबडते वो?"

मग एक आवाज कमी झाला. एवढ्या पायांच्या घासण्यात एका पायांच्या जोडीचा आवाज नाही, हे पार्वताबाईला स्पष्ट कळलं. टोक जवळच होतं. टोकाला वळू तेव्हा पाहू, असं तिच्या मनात आलं. तेवढं अंतर ती चालली. सरळ.

वळली तेव्हा रंजू धानात पालथी पडली होती. तिची सरी तिथपर्यंत आलेली आणि तिथे संपलेली.

"पानी आन, मंदे, पानी!"

मंदाबाई धावली. मशीनच्या दोन्ही नळांखाली तिनं बादली धरली. रंजूचं अंग आगीसारखं तापलं होतं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. दात घट्ट बसलेले. पार्वताबाईनं तिच्या गालात बोट घातलं आणि सुपारीचा तुकडा बाहेर काढला. पाणी तोंडात घातलं ते कडेनं वाहून धानात गेलं.

भोजराजनं वेळ लावला नाही, हे खरं. स्वतः तिला उचललं, गाडीत घातलं, स्वतः चालवत नेलं. पार्वताबाई मागे रंजूचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि भंडाऱ्याला न्या म्हणाले. भंडाऱ्याला पोचेपर्यंत ती मांडीवरच गेली. पार्वताबाईला ते कळलं होतं. तिनं भोजराजला सांगितलं नाही. तो हॉर्न वाजवत, रडत गाडी हाणत होता.

*

दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार आला. बाकावर बसला, गुडघ्यावर पॅड घेतलं.

"साहेब, माहे इथे सगळी सोय हाये," भोजराज सांगत होता. त्याच्या शर्टावर धानाचा भुसा तसाच होता. "थंड्या पान्याची मशीन हाये. याच साली आनली. बाया पीतच नाहीत, त्याले मी काय करू? काकूले विचारा. काकू आमच्या घरच्याच हायेत."

हवालदारानं पार्वताबाईकडे पाहिलं. "पाणी होतं का, बाई?"

"होतं."

"ही पीत होती?"

"नाही."

"का?"

तेवढ्यात देवानंद आला. कामावरून तसाच, हातापायाला सिमेंट. त्याला कुणी तरी फोन केला होता, पण सगळं सांगितलं नव्हतं. तो भिंतीशी उभा राहिला. आत पांढऱ्या चादरीखाली काय आहे ते त्यानं दारातून पाहिलं आणि तो परत पार्वताबाईकडे वळला, कारण ओळखीचं तोंड तेवढंच होतं.

"काकू," तो म्हणाला, "रंजू घरी तांब्या तांब्या पानी पिते. तिथी काहून नाही पिली?"

तीन पुरुष तिच्याकडे बघत होते. तिनं पदर डोक्यावर ओढला. मग सोडून दिला.

"मुताले जागा नाही म्हनून."

हवालदाराचा पेन थांबला.

"आमी कोनीच नाही पीत," पार्वताबाई म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "भिंत घातली तवापासून नाही पीत. बाहेर गेलं का नत्थू विचारते कुठी चालली. संडास हाये, त्याले कुलूप हाये. किल्ली भाऊच्या टेबलात हाये. पानी पिलं का मुताले लागते, म्हनून पानी प्याचं नाही. मीच शिकवलं हिले. सुपारी मीच देल्ती."

"बाई, हे असं..." हवालदार इकडेतिकडे पाहू लागला. "हे असं लिहिता येत नाही."

"काहून? लिहाले नाही येत का तुमाले?"

त्यानं खाली मान घालून काही तरी लिहिलं. ऊन लागून मृत्यू, एवढंच त्यात होतं, हे पुढे कळलं.

देवानंद भिंतीला टेकत टेकत खाली बसला. तो रडला नाही. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "एवढ्यासाठी?"

भोजराज पांढराफटक पडला होता. त्यानं पार्वताबाईला बाजूला नेलं. "काकू, मले सांगाचं नाही का? मी काय नाही म्हनलो असतो? तुमी एक वेळा तरी सांगाचं होतं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते तिच्या छातीत रुतलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मालक झाल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडून अरेतुरे निघालं.

"भोजराज, एवढ्या बाया सकाळपासून सांजवरी तुह्या डोळ्यांसमोर फिरतेत. त्या कुठी जात असतीन, तुह्या मनात एक वेळा नाही आलं रे?"

"ते मी कसं पाहू, काकू? बायांचं?"

"हाव," ती म्हणाली. "मलेही तसंच वाटलं. तुले सांगाले."

*

रंजूच्या मातीनंतर मिल सुरू झाली. संडासाचं कुलूप काढलेलं होतं, बाहेर नवी बादली, नवा मग. पार्वताबाई फाटकाशी आली तर नत्थू उठून उभा राहिला. असा तो कधी उठला नव्हता.

"भाऊनं ऑफिसात बोलावलं."

भोजराजनं तिला खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. टेबलावरचा कागद सरळ केला.

"काकू, तुमी आता थकल्या. आराम करा. लागलं सवरलं तं मी हावोच. तुमी घरच्याच हा."

"मी नाही थकली, भाऊ."

"घरची गोष्ट दवाखान्यात, पोलिसासमोर..." तो थांबला. "लोक मले काय काय बोलून राहिले. माह्या बायकोले बाजारात तोंड दाखवता नाही येत. मी किल्ली देली असती. खरंच देली असती."

पार्वताबाईनं चहा संपवला. न संपवता उठणं बरं दिसलं नसतं. बाहेर फरसावर रांग निघाली होती. पुढे मंदाबाई होती. तिची सरी थोडी वाकडी जात होती. तिनं पार्वताबाईला पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

संध्याकाळी मात्र ती घरी आली. दारात उभ्या उभ्याच म्हणाली, "काकू, आता जातो आमी तिथी. साबन पन ठेवलं हाये."

"बरं झालं."

"मले पुढे केलं. मी नाही म्हनलं होतं." मंदाबाईला थट्टा करायची होती, पण जमली नाही. "तुमच्यासारखं सरळ नाही चालता येत मले."

"येईन," पार्वताबाई म्हणाली. "मागं नोको पाहजो." आणि मग लगेच, जवळजवळ ओरडून, "नाही. पाहजो. मागं पाहत जाजो, मंदे. सरी वाकडी गेली तं जाऊ दे."

घरी बसून भागणार नव्हतं. आठवड्यानंतर ती पवनीच्या बाजूच्या दुसऱ्या एका मिलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिथे रोज सकाळी बाया जमायच्या आणि मुकादम निवडून आत घ्यायचा. मुकादम तरणा होता, कानात फोनची वायर. दोघीतिघींना आत घेऊन तो तिच्यापुढे थांबला.

"म्हातारे, चालता येते का उन्हात?"

"येते. बायांसाठी संडास कुठी हाये?"

त्यानं कानातली वायर काढली. "काय?"

"संडास. बायांचा."

रांगेतल्या पोरींनी माना खाली घातल्या. एक पदर तोंडाशी घेऊन फिसकन हसली.

"अड्याळवाली तूच का?" मुकादम म्हणाला. "तुले घ्याचं नाही म्हनून सांगतलं हाये आमाले."

"नोको घेऊ. संडास कुठी हाये ते सांग."

"तुले घ्याचंच नाही तं तुले कायले पाहिजे?"

"मले नाही. ह्या पोरी आत चालल्या नं?"

मुकादमानं पोरींकडे पाहिलं, पोरींनी जमिनीकडे. "चला, चला," तो म्हणाला, "ऊन चढून राहिलं." त्या एकेक करून आत गेल्या. हसलेली पोरगी सगळ्यांत मागे होती. ती फाटकात जराशी रेंगाळली, आणि मुकादमाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात पार्वताबाईला म्हणाली, "नाही हाये, काकू." मग तीही आत गेली आणि फाटक लागलं.

पार्वताबाईचे कान तापले होते. लाज काही गेली नव्हती. पुढे कधी जाईल असंही तिला वाटलं नाही. फाटकाशेजारी सावली नव्हती. ती तिथेच बसली.

"काहून बसली?" मुकादम आतून ओरडला.

"मालक येऊ दे," ती म्हणाली. "त्याले विचारतो."